पोटॅशचं पोतं आणि ट्रॉलीचा पत्रा

मंडळी, आपल्या खानदेशात एक समज पक्का बसला आहे की गंज हा कोकणातल्या लोकांचा त्रास. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो, मग लोखंडाला गंज कसा चढेल? तर मग रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या ट्रॉल्यांचे पत्रे चाळणीसारखे का होतात?

कारण केळीला आपण पोटॅश भरपूर देतो, आणि ती पोती ट्रॉलीतूनच जातात. नेहमीचा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ५० किलोच्या पोत्यात निम्म्याच्या जवळपास वजन क्लोराइडचं असतं, आणि समुद्राच्या खारट हवेत लोखंड खाणारा तोच असतो. पोतं फाटतं, मूठभर खत सांध्यात सांडतं. पावसाळी हवेत युरिया, पोटॅश पाणी ओढून घेतात आणि तो कोपरा पाऊस थांबल्यावरही ओला राहतो.

त्यावर आपली काळी माती बसते. मातीखाली प्राणवायू कमी, बाजूला जास्त. या फरकामुळेच मातीखालचं लोखंड आधी झिजतं. म्हणून वरून ट्रॉली रंगीत दिसते आणि फाळक्याच्या बिजागरीखाली बोट आत जातं.

माझ्या स्वतःच्या ट्रॉलीचं सांगतो. गंजावरच रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, मारला, वर निळा ऑइलपेंट. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. नखाने उचकटलं तर पापुद्र्यांखाली पत्रा कागदासारखा झालेला. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचा रंग उचलतो आणि जोडलेल्या दोन पट्ट्याही फाकवतो. रेड ऑक्साइड हे औषध नव्हे. त्याला खाली घट्ट, स्वच्छ धातू लागतो.

हे काम आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की काढावं. खरिपाआधी हात मोकळे असतात, हवा कोरडी असते. आधी माती खरवडून सांधे भरपूर पाण्याने धुवा, कारण खड्ड्यांत बसलेला क्षार नुसत्या वायर ब्रशने निघत नाही. वाळल्यावर हातोडीने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर तो तुकडा कापूनच काढा. गंजावर वेल्डिंग मारू नका, टाका पोकळ बसतो. आणि वेल्डिंगपूर्वी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवा. उरलेला भाग ग्राइंडरने चमकेपर्यंत घासा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. मात्र सकाळी मारा. दुपारी पत्रा तापलेला असतो, रंग नीट पसरण्याआधीच सुकतो. कडा आणि वेल्डिंगच्या रेषा ब्रशने आधी भरून घ्या, रंग तिथेच पातळ राहतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक चालतं, पण सुटा गंज काढूनच, आणि हातमोजे घालून.

जळकं ऑइल फासणारे बरेच जण इथे बसलेत. ते थोडे दिवस पाणी अडवतं, हे खरं. पण धूळ धरतं, रबरी होज खराब करतं आणि पुढे त्यावर रंग चिकटत नाही. शिवाय ते ओघळून तुमच्याच शेतात जातं. तळाच्या पत्र्याला कोपऱ्यात भोकं ठेवलीत आणि ती मोकळी राखलीत, तर त्याहून जास्त उपयोग होतो.

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारे हूक आणि ड्रॉबार मात्र रंगवून वापरत बसू नका. गंजाखाली चीर असली तर ती दिसत नाही. भरल्या ट्रॉलीला सावद्याच्या रस्त्यावर तो तुटला, तर मागून मोटारसायकलवर कोणाचं तरी पोर येत असतं. तो भाग घासून, उजेडात भिंगाने बघा. शंका आली तर बदला. येत्या रविवारी ज्यांना दाखवायचा असेल त्यांनी ट्रॉली इथेच घेऊन या, मी सकाळी ८ पासून आहे.