बस घ्यायला पैसे आहेत, चालवायला?

[दृश्य: पहाटेचा डेपो. बसच्या रांगा. चाकापाशी वाकलेला मेकॅनिक.]

पहाटेची पहिली बस डेपोतून बाहेर पडते, तेव्हा तिच्यामागे दोन वेगवेगळ्या खिशांतला पैसा असतो. एका खिशातून ती विकत घेतलेली असते, दुसऱ्यातून ती आज चालणार असते. चालकाचा पगार, इंधन, झिजलेले टायर, रात्रपाळीत ब्रेक तपासणारे हात, हा सगळा खर्च रोजचा आहे. बहुतेक शहरांत तो तिकिटाच्या पैशांत भागत नाही.

सरकारी अनुदानाचा ओढा मात्र पहिल्या खिशाकडे असतो. नव्या बसला हार घालता येतो, स्थानकाची फीत कापता येते. चालकाच्या पगाराचं उद्घाटन कोण करणार?

अमेरिकेत हे स्पष्ट दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या खासगी बस आणि ट्राम कंपन्या एकेक करून डबघाईला आल्या. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शहरी वाहतुकीच्या कायद्यावर सही केली. तीन वर्षांसाठी ३७ कोटी ५० लाख डॉलर मंजूर झाले, पण ते गाड्या, रूळ आणि डेपोंसाठी. सेवा चालवण्यासाठी पैसे मिळायला १९७४ उजाडावं लागलं. आणि १९९८ मध्ये दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरी भागांसाठी ती मदत पुन्हा थांबली.

मग शहरांनी आपल्याच नागरिकांपुढे हात पसरला.

[दृश्य: मतदान केंद्राबाहेरची रांग.]

लॉस एंजेलिस परगणा, नोव्हेंबर २००८. मंदीचे दिवस. मतपत्रिकेवर प्रस्ताव होता, ३० वर्षांसाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याचा. कॅलिफोर्नियात असा खास कामासाठीचा कर लावायला तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत. लोकांनी ती दिली. या करातला २० टक्के वाटा निव्वळ बससेवा चालवण्यासाठी बाजूला ठेवला होता. माझ्या मते त्या प्रस्तावातली ही सगळ्यात शहाणपणाची ओळ होती.

२०१२ मध्ये त्याच कराची मुदत वाढवण्याचा प्रस्ताव आला. जवळपास ६६.१ टक्के मतं बाजूने पडली आणि प्रस्ताव हरला. हवे होते ६६.६७. चार वर्षांनी आणखी अर्धा टक्का मागितला, या वेळी मुदतीचं बंधन न घालता, तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. असा स्थानिक पैसा हाताशी असला, की केंद्राच्या अनुदानासाठी दारही उघडतं, कारण शहराने आपला वाटा दाखवल्याशिवाय मोठ्या प्रकल्पाला अनुदान मिळत नाही.

पण विक्रीकर गरिबाच्या खिशाला जास्त जाचतो. कमाईतला मोठा भाग तो रोजच्या खरेदीतच घालवतो.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९७१ पासून पॅरिस भागातल्या मालकांकडून कामगारांच्या पगारावर आधारित वाहतूक कर घेतला जाऊ लागला आणि पुढे तो इतर शहरांतही गेला. आज ११ किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकांना तो लागू होतो. कामगार वेळेवर कामावर पोचतो याचा फायदा मालकालाही होतो, मग त्याने वाटा उचलावा, हे मला रास्त वाटतं. शिवाय हा पैसा नवे मार्ग बांधायलाही चालतो आणि गाड्या चालवायलाही.

[दृश्य: बंद दुकानं, रिकामे थांबे.]

२०२० मध्ये महासाथ आली. तिकिटांचा गल्ला आटला. अमेरिकी संसदेने सार्वजनिक वाहतुकीला तातडीने २५ अब्ज डॉलर दिले, आणि या वेळी त्यातून चालकांचे पगारही देता येत होते. पुढे आणखी मदत आली. पण ती सगळी एकदाची होती, आणि खर्च रोजचा.

मदत संपली तशी तूट उघडी पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियात ३२ बसमार्ग बंद करण्यात आले. थोड्याच दिवसांत ते पुन्हा सुरू झाले, पण पैसा आला तो भांडवली निधीतून. म्हणजे ज्या पैशातून उद्याच्या गाड्या आणि दुरुस्त्या व्हायच्या होत्या, त्यातून आजच्या फेऱ्या चालल्या. त्याच शहराच्या उपनगरी रेल्वेत १९७० च्या दशकातले डबे अजून धावत होते.