चार माणसं, चोवीस ट्रॅक : क्वीनच्या वाटचालीतले टप्पे

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की आपल्याकडे आधी पाचगणी येते, तेव्हा ते उरकून घेऊ. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्या मुलांच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवायचा. लंडनला गेल्यावर तो फ्रेडी मर्क्युरी झाला. पाचगणीकरांनी अभिमान जरूर बाळगावा, पण क्वीनचा जो आवाज आपण ओळखतो तो लंडनमध्ये आणि वेल्समध्ये घडला.

या बँडचे टप्पे सहसा अल्बम आणि खपाच्या आकड्यांनी मोजतात. मी वेगळा धागा धरणार आहे. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि गायक मर्क्युरी एकत्र आले, १९७१ मध्ये बासवादक जॉन डीकन आला, आणि हा चौघांचा संच वीस वर्षं बदलला नाही. माणसं चारच, पण डोक्यातलं संगीत चाळीस जणांचं. ते बसवायचं कसं, हा प्रश्न त्यांना प्रत्येक टप्प्यावर नव्याने सोडवावा लागला.

सुरुवात गिटारपासून. मे आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची, ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर खाली-वर हलवणाऱ्या दांड्याच्या, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. खरी करामत ट्रेमोलोत आहे. दांडा दाबला की तारा सैल पडतात; सोडल्यावर त्या नेमक्या मूळ सुरावर यायला हव्यात, पण वाटेत कुठेही घासल्या तर त्या येत नाहीत आणि गिटार बेसूर होते. म्हणून त्यांनी ट्रेमोलोची पट्टी सुरीसारख्या धारेवर टेकवली आणि ब्रिजवर (तारा जिथे टेकतात तिथे) प्रत्येक तारेखाली छोटा रूळ बसवला. घर्षण कमी, म्हणून सूर टिकतो. शिवाय तिन्ही पिकअपना, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या लहरीत बदलणाऱ्या भागांना, स्वतंत्र फेज स्विच आहे; तो ती लहर उलटी करतो. दोन पिकअप उलट फेजमध्ये लावले की खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि नाकातून आल्यासारखा टोकदार आवाज उरतो. मे प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतो. त्याच्या दातेरी कडेमुळे प्रत्येक स्वराला किंचित खरखरीत सुरुवात मिळते.

याच्या जोडीला डीकनचा अ‍ॅम्प्लिफायर. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. कचऱ्यात सापडलेला एक सर्किट बोर्ड त्याने शेल्फवरच्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा नव्हतं. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात जो जॅझचा वाद्यवृंद ऐकू येतो, तो मेची गिटार या खोक्यातून वाजवून, एकेका वाद्याची ओळ वेगळी रेकॉर्ड करून उभा केलेला आहे.

‘गुड कंपनी’ ज्या अल्बममध्ये आहे, त्याच अल्बममध्ये ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. निर्माता रॉय थॉमस बेकर. टेपवर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज शेजारी-शेजारी रेकॉर्ड करायचे पट्टे, चोवीसच. पियानो, बास आणि ड्रम्सनी त्यातले बरेच अडवलेले. गाण्याच्या मधल्या, ऑपेरासारख्या अनेक आवाजांच्या भागात वरचे स्वर टेलर, मधले मर्क्युरी आणि खालचे मे. ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग ते ट्रॅक मिसळून एका मोकळ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मूळ ट्रॅक पुढच्या ओळीसाठी पुसायचे. याला बाउन्स करणं म्हणतात.

यात फसगत दोन ठिकाणी होते. एकदा मिसळलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत. टेलरचा आवाज चढा राहिला तर तो चढाच राहतो, नाहीतर सगळी ओळ पुन्हा गा. दुसरं, प्रत्येक नकलेबरोबर टेपची सरसर वाढते आणि वरच्या पट्टीतली चमक कमी होते. शिवाय टेप रेकॉर्डरच्या हेडवरून (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावरून) पुन्हापुन्हा फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा थर झिजतो. मे सांगतो की ती टेप उजेडात धरली तर आरपार दिसायची. आज संगणकावर दोनशे ट्रॅक फुकट मिळतात, म्हणून या शिस्तीची कल्पना येत नाही. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं हे गाणं ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

१९७७ मध्ये त्यांनी उलट वाट धरली. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये प्रेक्षकच बँडला उद्देशून गाऊ लागले, आणि प्रेक्षकांनाच वाजवता येईल असं काहीतरी करायचं मेने ठरवलं. दोनदा पाय, एकदा टाळी. ‘वी विल रॉक यू’मध्ये ड्रम्स नाहीत, लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटलेत. पण मूठभर माणसं हजारोंची कशी वाटावी? मेने प्रत्येक आपटण्याला वेगवेगळा विलंब दिला आणि त्या विलंबांच्या लांबीसाठी मूळ संख्या निवडल्या. समजा विलंब १०, २०, ४० मिलिसेकंद ठेवले, तर ते एकमेकांच्या पटीत येतात, आवाज एकमेकांवर बसतात आणि कान लगेच प्रतिध्वनी ओळखतो. ११, १७, २३ असे ठेवले तर ते तसे जुळत नाहीत. हवेत आवाज एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणून कानाला वाटतं की माणसं वेगवेगळ्या अंतरावर उभी आहेत. पुढे खगोलशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

आधीच्या अल्बमांवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं ते अभिमानाने छापत. १९८० च्या ‘द गेम’मध्ये तो आला आणि ती ओळ गेली. काहींना हे रुचलं नाही. मला तो हट्ट तेव्हा कालबाह्यच झाला होता असं वाटतं.

१३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ‘लाइव्ह एड’ ही मदतनिधीसाठीची मोठी मैफल. प्रत्येकाला जेमतेम २० मिनिटं, दिवसाचा उजेड, म्हणजे प्रकाशयोजनेचा उपयोग शून्य. क्वीनने लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली. सहा गाणी, काही कापलेली. ‘ऱ्हाप्सडी’चा फक्त सुरुवातीचा संथ भाग घेतला, कारण ऑपेराचा भाग रंगमंचावर गाता येतच नाही. एरवीच्या मैफलींत तेवढा वेळ टेप लावून चौघे आत निघून जात.

मर्क्युरीबरोबरची शेवटची मैफल ९ ऑगस्ट १९८६ ची, नेबवर्थची. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. डीकन पुढे निवृत्त झाला, आणि मे व टेलर यांनी आधी गायक पॉल रॉजर्स, मग अ‍ॅडम लँबर्ट यांच्याबरोबर दौरे केले. लँबर्ट उंच पट्टीत सहज गातो, तरीही ऑपेराचा तो भाग आला की आजही १९७५ चं मूळ ध्वनिमुद्रणच लावतात.