घामेजलेल्या घोड्याला हवा पांघरवा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घोड्यासाठी निटेड स्वेट शीट कशी निवडावी’. म्हणजे घामेजलेल्या घोड्यावर टाकायची, विणीच्या कापडाची झूल. ते मी सांगणार आहेच, त्यासाठीच या टेबलावर तीन शीटा मांडून ठेवल्यात. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेऊ द्या, नाहीतर तुम्ही घरी जाऊन रंग आणि कंपनी बघूनच खरेदी कराल. आपण पैसे देतो कापडाचे, काम करते ती कापडात थांबलेली हवा. शीट म्हणजे ती हवा घोड्याच्या अंगाला धरून ठेवायची सोय, एवढंच.

आधी हात वर करा बघू: दमून आलेल्या घोड्यावर घरची सोलापुरी चादर किती जणांनी टाकलीय? बरेच आहात. चादरीवर माझा राग नाही, माझ्याही घरी चार आहेत. पण ती दाट विणीची. घाम पिते, जड होते आणि ओलीच अंगाला चिकटून बसते. वाऱ्याला उभा असलेला घोडा त्या ओल्या चादरीखाली गारठतो.

घोड्याचा घाम म्हणजे काय चीज आहे, हे थोडक्यात सांगतो. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पळण्याच्या कामी येतो, बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला कुत्रा धापा टाकतो. घोडा मात्र आपल्यासारखाच मुख्यतः घामावर अवलंबून असतो. उन्हात जोराचं काम असेल तर तासाला १० ते १५ लिटर घाम जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मानेवर लगाम घासतो तिथे, मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस दिसतो ना, तो लॅथरिन नावाच्या प्रथिनामुळे. घोड्याचे केस तेलकट, त्यांच्यावर घाम पसरावा म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. मला तर दर वेळी तो फेस बघून कौतुकच वाटतं.

अडचण पुढे येते. काम थांबतं, पण केसांत मुरलेला घाम वाळतच राहतो आणि उष्णता नेतच राहतो. डिसेंबरातली पहाट असेल, वारा असेल, तर अंगाची जादा उष्णता उतरून झाल्यावरही हे चालूच. मग अंग थरथरतं, पाठ आखडते.

आता नाशिककडची एक हकिगत. तिथल्या एका फार्मवर मी घोडे तपासायला जायचो. तिथे घोड्यांची देखभाल करणारे एक म्हातारे सईस होते, लष्कराच्या तबेल्यात उमेदीची वर्षं घालवलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. थंडीत घोडा घामाघूम होऊन आला की काका आधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करून त्याला फिरवायचे. श्वास बसला की पेंढ्याच्या मुठीने अंग घासायचे. मग पाठीवर आणि कमरेवर चांगला वीतभर सुका पेंढा पसरायचा, त्यावर गोणपाटाची झूल टाकायची आणि वरून सैलसा पट्टा बांधायचा. अर्ध्या-पाऊण तासाने झूल उचलली की खाली घोडा कोरडा आणि गोणपाटाच्या बाहेरच्या अंगाला बारीक दव धरलेलं. मी हात फिरवून बघितलंय. पेंढ्याच्या काड्यांमध्ये हवा थांबते, अंगाच्या उष्णतेने ती तापते, घामाची वाफ तिच्यातून वर सरकते आणि गोणपाटाच्या भोकांतून निघून जाते.

मालक हौशी होते, घोड्यांवर त्यांचा मनापासून जीव. त्यांनी एका दुकानातून भारी शीट आणली. आतून मऊ फ्लीस, बाहेरून चकचकीत नायलॉन, वर लेबल ‘अँटी-स्वेट’. आणि काकांना सांगितलं, ‘‘काका, हा पेंढा-बिंढा आता बंद. पाहुणे येतात, बरं दिसत नाही.’’ काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर घोडी शीटखाली तासभर उभी होती आणि पाठ अजून ओलीचिंब. काकांनी मला बाजूला नेलं आणि शीटची कड उचलून दाखवली. आत पेंढा! मालकांच्या नकळत त्यांनी नव्या शीटखाली जुना इलाज करून बघितला होता. पेंढासुद्धा भिजलेला. ‘‘डॉक्टर, आत हवा आहे, पण वाफेला दार नाही,’’ काका म्हणाले. फ्लीसने हवा धरली होती, नायलॉनने वाट अडवली होती. मला आज जे सांगायचंय ते सगळं त्या एका वाक्यात आहे. शीट विकणाऱ्याला लेबलावर हवं ते छापता येतं, आणि चार शाळा शिकलेला मालक तीस-चाळीस वर्षं घोड्यात घालवलेल्या माणसाला गप्प बसवतो, याचा मला अजून राग येतो. मालकांना मी तिथेच कड उचलून दाखवली. समजूतदार माणूस, त्यांनी काकांना पेंढा परत दिला.

याच ओघात पाण्याचंही सांगून टाकतो, कारण शीटीचा वापर निम्मा चुकतो तो इथे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की गोळे येतात, असं आपल्याकडे पक्कं मानतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी दमट उकाड्यात घोड्यांचं काय होईल या चिंतेने यावर खूप संशोधन झालं आणि ती भीती खोटी ठरली. तेव्हापासून मोठ्या स्पर्धांत घोडा आला की त्याच्यावर थंड पाण्याचा मारा करतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला घोडेस्वार फवाद मिर्झा सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर उतरला, तिथेही बर्फाच्या पाण्याची सोय होती. तेव्हा धापा टाकणाऱ्या, तापलेल्या घोड्यावर शीट घालायचीच नाही. आधी सावली, पाणी, पंखा. थर्मामीटरचा आकडा उतरत ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आला, श्वास बसला आणि हवा गार असेल, तर शीट. पुण्यात रेसचा हंगाम पावसाळ्यात असतो. त्या दमट हवेत घाम मुळातच वाळत नाही, तिथे शीटीपेक्षा पंखा कामाला येतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणतात. आता निवड भराभर सांगतो, लिहून घ्या.

ही पहिली, सुती, मोठ्या जाळीची. जाळीच्या बनियनसारखी. एकटी घातली तर वारा आरपार जातो आणि उपयोग शून्य. हिच्यावर एक हलकी सुती चादर हवीच, म्हणजे भोकांमध्ये हवा थांबते. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून सुती शीट भिजली की लोंबते. मोठ्या जाळीत खूर किंवा दात अडकतो, तेव्हा ही घालून घोडा एकटा सोडू नका.

ही दुसरी, पॉलिएस्टरची, दोन थरांची, आतल्या अंगाला उंचसखल. एकटीही चालते. दुकानात तीन गोष्टी करा. आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका, तो पटकन बाहेरच्या बाजूला जाऊन पसरला पाहिजे. तोंडाला लावून फुंका, पलीकडे हातावर फुंकर लागली पाहिजे. आणि ताणून सोडा, कापड लगेच मूळ मापावर यायला हवं. थेंब वरच गोल बसून राहिला तर शीट परत ठेवा, मऊपणाला भुलू नका. वॉर्प निट, म्हणजे लांबीच्या दिशेने धागे गुंफून विणलेलं कापड, मिळालं तर तेच घ्या, एक धागा तुटला तरी भोक धावत जात नाही.

तिसरी लोकरीची. लोकर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल घेऊनही ओली लागत नाही. उत्तम, पण महाग, धुवायला नाजूक आणि कसर लागते. महाबळेश्वरसारख्या गार ठिकाणी विचार करा.

माप छातीच्या मधोमध टेप लावून, खांद्यावरून मागच्या मांडीच्या कडेपर्यंत घ्या. मारवाडी, काठियावाडी घोड्याला रेसच्या थरोब्रेड जातीच्या मापाची शीट मानेपाशी ढिली पडते आणि मागे सरकते. पोटाखालचे पट्टे आणि शेपटीखालची दोरी असलेलीच घ्या.

धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, धाग्यांवर त्याचा थर बसला की थेंब सरकत नाही. घामाचं मीठ कापडात सुकलं की ते कडक होऊन पाठीला घासतं, म्हणून वापरल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून काढा.

बाकी प्रश्नांच्या वेळी. पाण्याची बाटली टेबलावर ठेवलीय. पुढे या आणि तिन्हींवर थेंब टाकून स्वतः बघा.