हॅलो, बोला की

(गुऱ्हाळ. काहिलीवर वाफ.)

कोल्हापूरजवळचं हे गुऱ्हाळ. घाणा पहाटेपासून चालू आहे. जळव्या चुलवाणात चिपाड सारतोय, रसावर मळी आलीय, आणि नेमका आत्ता गुळव्याचा फोन वाजतो.

"हॅलो... हां, बोला की... कोण बोलतंय? थांबा जरा, घाण्याचा आवाज हाय..."

पलीकडं चिडीचूप. मग फोन कट.

(संगणकाचा पडदा. आवाजाची हिरवी रेघ.)

तोच कॉल, शहरातल्या एका ऑफिसात. लावलाय यंत्रानं. फोन उचलला की त्याला आधी ठरवायचं असतं, समोर माणूस आहे की रेकॉर्ड केलेलं उत्तर. शब्द त्याला कळत नाहीत. ते फक्त आवाज आणि शांतता मोजतं.

ॲस्टरिस्क या फोन लावणाऱ्या मोफत प्रणालीतले मूळचे आकडे बघा. उचलल्यावर २.५ सेकंद कुणी बोललं नाही, तर समोर यंत्र समजायचं. सुरुवातीचं बोलणं १.५ सेकंदांपेक्षा लांबलं, तरी यंत्र. छोटंसं "हॅलो" आणि पुढं ०.८ सेकंद शांतता, तरच माणूस. ५ सेकंदांत उलगडा झाला नाही, तर 'नक्की नाही'.

आता, एक "हॅलो" म्हणून गप्प बसणारा कोल्हापूरकर शोधून दाखवा! त्यात मागं घाण्याची घरघर. ती रेघ खाली बसतच नाही.

(उंबऱ्यात आजी, फोन कानाला.)

आजींचं उलटं. ज्यानं फोन केला त्यानं आधी बोलावं, म्हणून त्या थांबतात. २.५ सेकंद होतात. आजीही यंत्र.

कॉल सेंटरमध्ये या चाळणीचा उपयोग असा, की बसलेल्या माणसाचा वेळ व्हॉइसमेल ऐकण्यात जाऊ नये. तिथंही चुका होतातच. ब्रिटनच्या दूरसंचार नियामकानं, ऑफकॉमनं, एके काळी अर्धवट सोडलेल्या कॉलवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली होती, आणि अशा चुकांचा अंदाजही तिच्यातच धरायला लावला होता. इथं तर ऐकवायचा निरोपच रेकॉर्ड केलेला, बोलणारा माणूस नाहीच. वेळ वाचवायचा कुणाचा? आणि आपल्याकडं व्हॉइसमेल वापरतंय कोण?

(माउस एका चौकोनावर थांबतो: 'माणूस की यंत्र, ओळखा'. त्यात बरोबरची खूण.)

ही खूण काढली, की फोन उचलताच निरोप सुरू. एवढंच काम आहे.

गुळव्याला आलेला कॉल दवाखान्याच्या तारखेचा होता. तारीख हुकली.

(पडद्यावरची यादी हळूहळू वर सरकते.)

यंत्र. यंत्र. माणूस. यंत्र.

(काहिल उतरते. गूळ वाफ्यात.)