माणसं, म्हशी आणि एकच छप्पर

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की रान दाटत जातं. पुढे कणकुंबी, चोर्ला घाट, मग गोवा. हेम्मडग्याकडे वळलं तर भीमगड अभयारण्य. या पट्ट्यात धनगर गवळ्यांचे वाडे आहेत. पाच-दहा घरं, बहुतेक एकाच भावकीची.

दार बुटकं. वाकून आत शिरलं की आधी भेटते ती म्हैस. जुन्या पद्धतीच्या घरात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली. एका अंगाला दावण, दुसऱ्या अंगाला चूल, मध्ये जेमतेम कुडाचा आडोसा. बाहेरच्याला वास येतो, नाकारायचं कशाला? पण इथला पाऊस चार महिने हटत नाही आणि रात्री बिबट्या फिरतो. रेडकू नजरेसमोर बांधलेलं बरं. चुलीच्या धुराने गोमाश्या पळतात, गवती छप्परही कोरडं राहतं. पावसाआधी शाकारणी निघते, तेव्हा एकेका घरावर सगळा वाडा चढतो.

चराई संपली की पूर्वी वाडाच हलायचा. वासे उचलायचे, नव्या जागी रोवायचे. नेमकं तेच आता नडतंय. २०११ साली अभयारण्य झालं आणि कारवी, बांबू, गवत आणायला वनखात्याची आडकाठी आली. २००६ चा वनहक्क कायदा आहे. पण जे अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. शेजारच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींना बेळगाव जिल्ह्यात २०२० साली जमातीचा दर्जा मिळाला. गवळ्यांना नाही. हलत्या वाड्याचा उतारा आणायचा कुठून? त्यात कागद कानडी, आणि वाड्यावरची बोली मराठी.

सगळ्यांनाच रानात राहायचंय असंही नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं. तरुणांना रस्ता, शाळा, दवाखाना हवा आहे. भीमगडातल्या तळेवाडीने रानाबाहेर जावं म्हणून कुटुंबामागे १५ लाखांचं पॅकेज ठरलं आणि २०२५ मध्ये पहिल्या हप्त्याचे धनादेश दिले गेले. त्या पैशात बाहेर थोडी जागा आणि पत्र्याचं घर होईल. चराईचं रान त्यात येत नाही. म्हणजे आधी म्हशी विकाव्या लागणार. आणि ज्याला जिथे जागा परवडेल तिथे तो जाणार, भाऊ एकीकडे, चुलता दुसरीकडे.