उद्या बोस्टन आहे

मंडळी, उद्या शनिवार, संध्याकाळी सात वाजता स्कॉशियाबँक अरेनात आइस हॉकीची मॅच, आपले टोरांटो मेपल लीफ्स विरुद्ध बोस्टन ब्रुइन्स, आणि माझ्या पोटात आज सकाळपासूनच गोळा आलाय. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांचं तसंच झालंय हे मला चेहऱ्यांवरून दिसतंय. बाकीचे नवीन आलेले आहेत, त्यांना वाटतंय की सीझन जेमतेम सुरू झालाय, अजून ढीगभर मॅचेस बाकी आहेत, मग एका मॅचचं एवढं काय? मला आज नेमकं तेच सांगायचंय, ही धाकधूक वेडेपणा नाही, तिच्यामागे हिशोब आहे आणि तो हिशोब मी तुम्हाला आकड्यांनी दाखवणार आहे.

आपल्याकडून आलेल्यांना हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आठवतो, खडकीची मैदानं आठवतात, आणि ते आठवायलाच पाहिजे. पण बर्फावरच्या या हॉकीची लीग वेगळ्या पद्धतीने बांधलीय. एनएचएलमध्ये, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, ३२ टीम्स, चार डिव्हिजन्स, एकेका डिव्हिजनमध्ये आठ. टोरांटो आणि बोस्टन दोघंही अटलांटिकमध्ये. जिंकलात की दोन पॉइंट, साठ मिनिटांत हरलात की शून्य, साठ मिनिटांत बरोबरी होऊन पुढे ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरलात तर एक. आता बघा, लांबच्या डिव्हिजनमधली टीम आली, समजा व्हँकुव्हर, तर आपण हरलो की आपले दोन पॉइंट गेले, वाईट वाटतं, पण त्यांना मिळालेल्या दोन पॉइंटने आपल्या टेबलमध्ये काही हलत नाही. बोस्टनकडून हरलो की आपले दोन जातात आणि ज्याच्याशी आपली शर्यत आहे त्यालाच दोन मिळतात. म्हणून इथले लोक याला चार पॉइंटची मॅच म्हणतात.

आणि हा फरक पुढे कुठे जातो ते ऐका. २०१३-१४ पासून प्लेऑफ्सची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची, रचना अशी आहे की पहिल्या राउंडमध्ये डिव्हिजनमधला दुसरा आणि तिसरा एकमेकांशी जास्तीत जास्त सात मॅचेसची सिरीज खेळतात, आणि दोघांत वर असलेल्याला घरचं बर्फ मिळतं, म्हणजे सातवी मॅच झालीच तर ती त्याच्या गावात. २०१८ मध्ये बोस्टन ११२ पॉइंट, आपण १०५. २०१९ मध्ये बोस्टन १०७, आपण १००. २०२४ मध्ये बोस्टन १०९, आपण १०२. तिन्ही वेळा ते दुसरे, आपण तिसरे, फरक तिन्ही वेळा बरोबर सात पॉइंटचा. तिन्ही सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेल्या, तिन्ही सातव्या मॅचेस बोस्टनच्या टीडी गार्डनमध्ये झाल्या आणि तिन्ही आपण हरलो, ७-४, ५-१ आणि शेवटची २-१, तीही ओव्हरटाइममध्ये, बोस्टनच्या पास्तरनाकच्या गोलने.

आता २०२३-२४ चा सीझन काढा. त्या वर्षी बोस्टनशी आपल्या चार मॅचेस झाल्या आणि चारही त्यांनी जिंकल्या. दोन ओव्हरटाइम किंवा शूटआउटपर्यंत गेल्या, दोन आपण थेट साठ मिनिटांत हरलो. त्या दोन थेट हरलेल्या मॅचेस उलट्या धरा, आपण जिंकलो असं धरा. आपले चार वाढतात, त्यांचे चार कमी होतात, टेबल होतं टोरांटो १०६, बोस्टन १०५. म्हणजे ती सिरीज आपल्या घरी सुरू झाली असती आणि सातवी मॅच इथे झाली असती, युनियन स्टेशनला लागून. मे महिन्यातल्या त्या सातव्या मॅचचं रडणं कुठे ठरलं? रेग्युलर सीझनमध्ये, अशाच कुठल्यातरी संध्याकाळी. म्हणून उद्याच्या मॅचची जे काळजी करतायत त्यांना हसू नका, त्यांना टेबल वाचता येतं.

घरच्या बर्फाचा फायदा फक्त आरडाओरड्याचा नसतो, हे नव्या लोकांना कुणी समजावून सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. खेळ थांबला की दोन्ही टीम्स लाइन, म्हणजे बर्फावरचा खेळाडूंचा गट, बदलतात, पण पाहुण्या टीमला आधी बदलावी लागते आणि यजमान कोचला ते बघून मग आपली माणसं उतरवता येतात. म्हणजे टीडी गार्डनमध्ये आपला गोल करणारा मॅथ्यूज बर्फावर आला की बोस्टनचा कोच बचावात पक्क्या बर्जरॉनला त्याच्यासमोर उभं करू शकायचा, मागे सहा फूट नऊ इंचाचा डिफेन्समन चारा, प्रत्येक वेळी, पाहिजे तेव्हा. उद्या तो हक्क आपला आहे. उद्याची मॅच इथे आहे म्हणून मला थोडी आशा आहे आणि आशा आहे म्हणूनच जास्त भीती वाटतेय, हे बोलायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

आता २०१३ बद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, जुन्या लोकांनी मन घट्ट करा. १३ मे २०१३, सातवी मॅच, बोस्टन, आपण २००४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ्समध्ये पोचलेलो, आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरिअडमध्ये ४-१ ने पुढे. अकरा मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलाय आणि बोस्टनच्या हॉर्टनने गोल केला, ४-२. ठीक आहे म्हटलं. मग एक मिनिट बावीस सेकंद उरलेले असताना लुचिच, ४-३. मग एकावन्न सेकंद उरलेले असताना बर्जरॉन, ४-४. एकतीस सेकंदांत दोन. आणि ओव्हरटाइममध्ये सहा मिनिटांनी परत बर्जरॉनच. सातव्या मॅचच्या तिसऱ्या पिरिअडमध्ये तीन गोलने मागे पडून जिंकलेली एनएचएलच्या इतिहासातली ती पहिली टीम. तेव्हापासून या शहरात तुम्ही कुणाला नुसतं "४-१" म्हणा, समोरचा गप्प होतो, पुढे काही सांगावं लागत नाही.

आणि हे २०१३ पासूनचं नाही बरं का. प्लेऑफ सिरीजमध्ये लीफ्सनी ब्रुइन्सना शेवटचं हरवलं ते १९५९ मध्ये. त्यानंतर १९६९, ७२, ७४, आणि मग आत्ताच्या चार, सलग सात सिरीज हरलो. १९६९ ची पहिली मॅच तर १०-०. दोन्ही टीम्स जुन्या सहांपैकी, लीगमध्ये १९४२ ते १९६७ फक्त सहाच टीम्स होत्या तेव्हाच्या, आणि आपला शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, १९६७ चाच, म्हणजे सहा टीम्सच्या जमान्याचं शेवटचं वर्ष.

माझी आई साताऱ्याहून इकडे राहायला आली होती तेव्हा अशाच एका मॅचच्या आधी मी घरात येरझाऱ्या घालत होतो, ती म्हणाली, "अरे, ते हरले तर तुझं काय जाणारे?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, पण प्रश्न खरा होता आणि तो मनात राहिला. आज उत्तर देतो. आपण इथे येतो तेव्हा या शहराच्या सुखदुःखात आपला काही वाटा नसतो, आपली दुःखं तिकडची असतात, वानखेडेवरची, अहमदाबादच्या १९ नोव्हेंबर २०२३ ची. मग हळूहळू एक दिवस असा येतो की ट्रेनमध्ये शेजारचा अनोळखी माणूस निळी जर्सी घालून मान खाली घालून बसलेला दिसतो आणि तुम्हाला कळतं की त्याला काय होतंय, कारण तुम्हालाही तेच होतंय. माझं तेवढं जातं आई, आणि ते जाण्याइतकं इथे माझं काही आहे याचा मला आनंद आहे.

एक प्रामाणिक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझा हिशोब अर्धवट राहील. घरचं बर्फ मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. २०२४-२५ मध्ये आपण १०८ पॉइंट घेऊन अटलांटिक जिंकलो, ओटावाला हरवलं, मग दुसऱ्या राउंडची सातवी मॅच फ्लोरिडाशी इथेच झाली आणि आपण ६-१ ने हरलो. आणि फ्लोरिडाकडून समोर कोण होता? ब्रॅड मार्शंड! त्याच मार्चमध्ये बोस्टनहून तिकडे गेलेला. २०१३, १८, १९, २४ या चारही सातव्या मॅचेसमध्ये तो बोस्टनकडून होता आणि पाचवी त्याने दुसऱ्या जर्सीत जिंकली. तेव्हा मला वाटलं, म्हणजे आपण नक्की घाबरतो कुणाला? बर्जरॉन २०२३ मध्ये निवृत्त झाला, चारा आणि गोलकीपर रास्क त्याच्या आधीच, २०२२ मध्ये, मार्शंड गेला. ज्यांनी आपल्याला छळलं त्यातले बहुतेक आज त्या टीममध्ये नाहीत, आणि तरी तो काळा-पिवळा रंग बोगद्यातून बाहेर आला की छातीत धडधडतं ते धडधडतंच. डॅलस कितीही चांगली खेळू दे, मला डॅलसची अशी धास्ती नाही वाटत. तिच्याशी माझी ओळखच नाही ना. बोस्टन वर्षातून तीन-चार वेळा समोर येते, दरवर्षी, त्यांची सवय मला माहितीय, आपली कुठे मोडते तेही माहितीय, आणि जेवढं जास्त माहिती तेवढी रात्री झोप कमी.

तर उद्या नवीन लोकांनी काय बघायचं. सकाळच्या स्केटनंतर, म्हणजे सरावानंतर, बर्फावरून आधी बाहेर येणारा गोलकीपर बहुतेक वेळा रात्री खेळणारा असतो, ती बातमी दुपारपर्यंत येते, ती बघा. पहिल्या दहा मिनिटांत स्कोर बघू नका, पक, म्हणजे चेंडूऐवजीची ती रबरी चकती, आपल्या झोनमधून किती सहज बाहेर येतोय ते बघा, कारण त्यांच्या फोरचेकखाली, म्हणजे आपल्याच झोनमध्ये घुसून ते टाकतात त्या दबावाखाली, आपले डिफेन्समन घाईघाईत पक बोर्डवर मारायला लागले की समजायचं संध्याकाळ लांब आहे. आणि आपण एका गोलने पुढे असू आणि दोन मिनिटं उरली असतील तर ते गोलकीपर काढून सहावा खेळाडू आणतील, २०१३ चे ४-३ आणि ४-४ करणारे ते दोन्ही गोल असेच झाले होते. तेव्हा खेळ थांबला आणि पक आपल्या झोनमध्ये टाकायची वेळ आली की बाकी काही बघू नका, फेसऑफला, म्हणजे पक दोघांच्या मधे टाकून खेळ परत सुरू करतात तेव्हा, आपला कोण उभा राहतोय तेवढं बघा.