सगळे सुरात, तरीही कोरडे

आजचा जाहीर विषय ‘द स्ट्रोक्स’ या न्यूयॉर्कच्या बँडचा २०११ मधला ‘अँगल्स’ हा अल्बम आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी एक समज खोडून काढणे मला अगत्याचे वाटते. इंडी रॉकची, म्हणजे बड्या कंपन्यांच्या झगमगाटापासून दूर वाढलेल्या रॉक संगीताची, चर्चा निघाली की कोणीतरी जाणकार मान डोलावत म्हणतो, ‘सफाई आली की जीव जातो.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की हल्ली ते बँडच्या टी-शर्टबरोबर फुकट मिळत असावे.

या समजाला आधार म्हणून याच बँडचा पहिला अल्बम, २००१ मधला ‘इज धिस इट’, पुढे केला जातो. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न ‘पिक्सीज’ या बँडच्या कामामुळे नावाजलेला निर्माता गिल नॉर्टन याच्याबरोबर झाला होता. तो बँडला फारच स्वच्छ वाटला आणि मंडळी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागातल्या निर्माता गॉर्डन रॅफेलच्या तळघरातील स्टुडिओत परतली. तिथे गायक ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज सरावाच्या लहानशा अँपमधून (ध्वनिवर्धकातून) काढून मुद्रित केला गेला, त्यामुळे तो टेलिफोनवर भांडत असल्यासारखा ऐकू येतो.

इथवरची गोष्ट सगळे आवडीने सांगतात आणि इथेच थांबतात, ही माझी जुनी तक्रार आहे. त्या खरखरीखाली वाजणारे संगीत अत्यंत काटेकोर आहे: निक व्हॅलेन्सी आणि अल्बर्ट हॅमंड ज्युनियर यांच्या गिटारी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, फॅब्रिझिओ मोरेट्टीचे ड्रम जराही ढळत नाहीत आणि अकरा गाणी चाळीस मिनिटांच्या आत संपतात. म्हणजे सफाई होतीच. तरी गाणी तापतात, कारण वाद्ये बरीचशी एकत्र वाजली आणि गायक तिथे हजर होता. अमेरिकी आवृत्तीतून पोलिसांवरचे एक गाणे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर वगळले गेले, तीही हकिकत सांगण्याजोगी आहे. परंतु अध्यक्ष आता घड्याळाकडे उघडपणे पाहू लागले आहेत.

तेव्हा ‘अँगल्स’, उरलेल्या वेळात. निर्माता जो चिकारेली याच्याबरोबर झालेले बहुतेक काम बाजूला पडले आणि अल्बम मुख्यतः हॅमंडच्या घरच्या स्टुडिओत घडला. कासाब्लांकास त्या सत्रांपासून दूर राहिला आणि स्वतंत्रपणे मुद्रित केलेला आवाज ईमेलने पाठवत राहिला. इतरांनी पुढाकार घ्यावा हा त्यामागचा हेतू असल्याचे त्याने सांगितले. व्हॅलेन्सीने मात्र मुलाखतीत या पद्धतीवर उघड नाराजी व्यक्त केली. ‘अंडर कव्हर ऑफ डार्कनेस’ या गाण्याचा अपवाद सोडला, तर परिणाम स्पष्ट ऐकू येतो: गिटार गिटारला चोख उत्तर देते, पण आवाज कोणालाच उत्तर देत नाही, आणि ध्रुवपद आले की आवाजाची पातळी चढते, ताण चढत नाही.

हा अलिप्तपणा त्यांची शैलीच आहे, असा बचाव केला जातो. पहिल्या अल्बमातली अलिप्तता मात्र शेजारी वाजवणाऱ्यांच्या रेट्याला तोंड देत टिकवलेली होती. इथे तोंड देण्यासारखे समोर काहीच नव्हते. सफाईच दोषी असती, तर डेव्हिड काहनने निर्मिलेला २००६ चा घोटीव तिसरा अल्बम याहून थंड व्हायला हवा होता. तो लांबलचक आहे, पण त्यात कासाब्लांकास घसा फाटेपर्यंत ओरडतो.